वीज गेली आणि शेजार आला: त्लातेलोल्कोतला एक रविवार

मेक्सिकोच्या चित्रपट अकादमीचा ‘आरिएल’ हा त्या देशातला सर्वांत मानाचा चित्रपट पुरस्कार. २००५ साली त्यातले अकरा आरिएल एकाच चित्रपटाने नेले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण, अभिनेता आणि अभिनेत्री हे सगळे मान त्यात होते. या चित्रपटात मोठा नट नव्हता, रंग नव्हता, परदेशी स्थळे नव्हती. मेक्सिको सिटीतल्या एका वसाहतीतला एक फ्लॅट, एक रविवार आणि चार माणसे एवढाच त्याचा पसारा. नाव ‘तेम्पोरादा दे पातोस’, म्हणजे बदकांचा मोसम. दिग्दर्शक फर्नांडो आइम्बके यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, आणि तो विनोदी आहे.

शेजाऱ्यांवर विनोदी चित्रपट जगभर निघत असतात. भांडणे, चहाड्या, भिंतीपलीकडून कानावर येणारी बोलणी, चुकून भलत्याच दारात गेलेला माणूस, असा त्यांचा ठरलेला ऐवज असतो. आइम्बके यांनी यातले जवळजवळ काहीच घेतले नाही. बंद दारांच्या उंच इमारतीत शेजार मुळात तयार कसा होतो, हा त्यांचा विषय. आणि तो त्यांनी अशा वसाहतीत मांडला की जिचे नाव उच्चारताच मेक्सिकोच्या माणसाला गोळीबार आणि भूकंप आठवतो. या चित्रपटाचे मोठेपण मला तिथेच दिसते. शोकाच्या खुणांनी ओळखल्या जाणाऱ्या जागेला त्याने तिचे साधे, रोजचे जगणे परत दिले.

रविवारची गोष्ट

फ्लामा आणि मोको ही चौदा वर्षांची दोन मुले जिवलग मित्र आहेत. रविवारी सकाळी फ्लामाची आई सूचनांची यादी देऊन बाहेर पडते आणि फ्लॅट दोघांच्या ताब्यात येतो. त्यांचा बेत पक्का आहे: सोफा, व्हिडिओ गेम, कोकाकोला, बटाट्याचे वेफर्स. दोघे पेले शेजारी ठेवून कोला अगदी समसमान ओततात, कोणाला थेंबभर जास्त जाऊ नये याची खात्री करून घेतात. चौदाव्या वर्षी सुखाची व्याख्या एवढी नेमकी असू शकते.

मग दार वाजते. शेजारच्या फ्लॅटमधली सोळा वर्षांची रिता आलेली असते. तिला केक भाजायचा आहे आणि ओव्हन हवा आहे. थोडाच वेळ लागेल, असे सांगून ती स्वयंपाकघरात शिरते आणि दिवसभर तिथेच राहते. थोड्या वेळाने वीज जाते. पडदा काळा होतो आणि दोन्ही मुलांना वेळेचे काय करायचे तेच कळत नाही. पिझ्झा मागवला जातो. तो घेऊन येणारा उलिसेस लिफ्ट बंद असल्याने जिने चढून धापा टाकत वर पोचतो. तीस मिनिटांत पिझ्झा आला नाही तर पैसे द्यायचे नाहीत, अशी हमी कंपनीने दिलेली आहे. मुलांच्या घड्याळात काही सेकंदांचा उशीर दिसतो, त्याच्या घड्याळात तो वेळेवर आहे. मुले पैसे देत नाहीत, तो हलत नाही. बाकावर ठाण मांडावे तसा तो दिवाणखान्यात बसून राहतो.

बस, कथानक एवढेच. फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर वादाचा निकाल लावायचे ठरते, पण विजेवर भरवसा नाही. स्वयंपाकघरात रिता आणि मोको पीठ फेटतात, दिवाणखान्यात उलिसेस भिंतीवरच्या बदकांच्या चित्राकडे बघत राहतो. हळूहळू चौघांच्या मनातले एकेक बाहेर येते. फ्लामाचे आईवडील घटस्फोट घेत आहेत आणि घरातल्या वस्तू कोणी न्यायच्या यावर त्यांचे भांडण चालू आहे. बदकांचे ते सामान्य चित्रही त्या वाटणीत अडकले आहे. रिताचा आज वाढदिवस आहे आणि तिच्या घरच्यांना तो आठवलेला नाही, म्हणून ती स्वतःचा केक स्वतः करते आहे. उलिसेसने पोटासाठी भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या केंद्रात काम केले आहे आणि ते त्याच्या मनातून गेलेले नाही. मोकोला आपल्या मित्राबद्दल नेमके काय वाटते, ते त्याचे त्यालाच पुरते उमगलेले नाही.

यातले एकही दुःख चित्रपट मोठ्या आवाजात सांगत नाही. हशा चालू असतानाच ती मध्ये येतात आणि हशा थांबत नाही. शेवट इथे सांगत नाही; तो पाहायलाच हवा.

कॅमेरा जागचा हलत नाही

आइम्बके यांचा जन्म १९७० चा. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या चित्रपटशाळेत ते शिकले आणि पुढे संगीत-व्हिडिओ करू लागले. त्या कामात झपाझप बदलणारी दृश्ये आणि सतत फिरणारा कॅमेरा हाच शिरस्ता असतो. शिवाय २००० साली ‘आमोरेस पेरोस’ आणि २००१ साली ‘इ तू मामा ताम्बियेन’ या चित्रपटांनी मेक्सिकोचा सिनेमा जगाच्या नजरेत आणला होता. पहिला असंख्य धक्के देणारा, दुसरा रस्त्यावर धावणारा. नव्या दिग्दर्शकाने त्याच वेगाच्या मागे धावणे स्वाभाविक ठरले असते. आइम्बके यांनी उलटी वाट धरली.

त्यांचा कॅमेरा एका जागी बसतो. टीव्हीच्या जागेवरून तो सोफ्यावरच्या दोन मुलांकडे पाहतो. मुले सरळ आपल्याकडे बघत असतात, बोटे चालू, चेहरे निर्विकार. दृश्य संपते, पडदा काळा होतो, पुढचे दृश्य सुरू होते. छायाचित्रकार अलेक्सिस साबे यांच्या कृष्णधवल चौकटीत सोफा, फ्रीज, ओव्हन, जिना या रोजच्या वस्तूंना स्वतःचे वजन येते. हसू येते ते थांबण्यातून. कोणीतरी काहीतरी बोलतो, उत्तर यायला दोन श्वास जास्त लागतात, आणि तेवढ्या वेळात प्रेक्षक हसतो. संवादात शाब्दिक कोट्या फारशा नाहीत. माणसे आपापल्या मुद्द्याला किती चिकटून बसतात, यातच गंमत भरलेली आहे.

या पद्धतीचे ऋण दिग्दर्शकाने उघडपणे मान्य केले आहे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जपानचे यासुजिरो ओझू आणि अमेरिकेचे जिम जारमुश यांचे आभार मानले आहेत. ओझूंनी १९५९ साली ‘ओहायो’ हा शेजाऱ्यांवरचाच विनोदी चित्रपट केला होता. त्यात घरात टीव्ही यावा म्हणून दोन भाऊ बोलणेच बंद करतात आणि त्या मौनामुळे आळीतल्या बायकांमध्ये गैरसमज पसरत जातात. स्थिर, खालच्या पातळीवरचा कॅमेरा आणि मधूनच येणारी माणसांविना रिकामी दृश्ये ही ओझूंची खूण. जारमुश यांचा १९८४ चा ‘स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज’ कृष्णधवल आहे. त्यातले प्रत्येक दृश्य एकाच सलग चित्रणाचे, आणि दोन दृश्यांच्या मध्ये काळा पडदा. आइम्बके यांनी दोघांकडून शिस्त घेतली. आशय मात्र पूर्णपणे मेक्सिको सिटीतला आणि त्यातही त्लातेलोल्कोतला आहे.

अंगणातून टॉवरमध्ये

मेक्सिकोच्या सिनेमाला शेजार नवा नव्हता. तिथे ‘वेसिंदाद’ नावाची वस्ती असते: मध्ये अंगण, भोवती एकेका खोलीची बिऱ्हाडे, सामाईक पाणी आणि सामाईक धुण्याची जागा. आपल्या चाळीची सख्खी बहीणच. १९४८ साली इस्माएल रोद्रिगेस यांनी ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’मध्ये अशाच वस्तीतला सुतार रंगवला. पेद्रो इन्फान्ते यांनी केलेली ती भूमिका तिथे दंतकथा झाली. पुढे सत्तरच्या दशकात रोबेर्तो गोमेस बोलान्योस यांच्या ‘एल चावो देल ओचो’ या दूरदर्शन मालिकेने वेसिंदादचे अंगण साऱ्या लॅटिन अमेरिकेच्या घरात नेले. अशा वस्तीत शेजार करावा लागत नाही, तो असतोच. पाणी भरताना, कपडे धुताना, अंगण ओलांडताना माणसे एकमेकांच्या आयुष्यात शिरतातच.

वास्तुरचनाकार मारिओ पानी यांना शहराची वाढती लोकसंख्या वेगळ्या पद्धतीने वसवायची होती. फ्रान्समध्ये शिकलेल्या पानींवर ल कॉर्ब्यूझिए यांच्या विचारांचा प्रभाव होता: उंच इमारती बांधा, त्यांच्यामधली जमीन मोकळी ठेवा, तिथे झाडे, शाळा, दवाखाने, दुकाने आणा. १९४९ साली त्यांनी मिगेल आलेमान वसाहतीत एक हजाराहून अधिक फ्लॅट उभे करून हा प्रयोग केला. मग शहराच्या मध्याजवळ, जुन्या रेल्वे यार्डांच्या आणि दाट गरीब वस्तीच्या जागी, नोनोआल्को-त्लातेलोल्को ही प्रचंड वसाहत उभी राहिली. १९६४ साली राष्ट्राध्यक्ष आदोल्फो लोपेस मातेओस यांनी तिचे उद्घाटन केले. शंभरावर इमारती, बारा हजारांच्या आसपास फ्लॅट. आधुनिक मेक्सिकोचे स्वप्न काँक्रीटमध्ये ओतलेले होते.

या रचनेने मध्यमवर्गाला उजेड, वारा, स्वच्छतागृहे आणि खाजगीपण दिले. ते खाजगीपण मोलाचे होते, ज्याने एका खोलीत दहा माणसांचा संसार पाहिला आहे त्याला ते सांगावे लागत नाही. पण सामाईक नळ गेला, तसे भेटीचे सक्तीचे निमित्तही गेले. लिफ्टमधून वर जायचे, दार लावायचे. त्यामुळे ‘तेम्पोरादा दे पातोस’मध्ये शेजारणीला आत यायला काहीतरी कारण लागते, आणि ओव्हन ते कारण होते. वीज जाते तेव्हा लिफ्ट बंद पडते, टीव्ही बंद पडतो, आणि इमारतीने जी सोय करून माणसांना एकमेकांवाचून जगायला शिकवले होते ती सोयच काही तासांसाठी संपते. मग चार माणसे एकाच खोलीत एकमेकांसमोर येतात. पटकथेची सारी किल्ली या एका बिघाडात आहे.

त्लातेलोल्को म्हणजे काय

या वसाहतीच्या मध्यावर ‘तीन संस्कृतींचा चौक’ आहे. तिथे अझ्टेक काळातल्या मंदिरांचे अवशेष, स्पॅनिश अमदानीतले सांतियागो चर्च आणि विसाव्या शतकातल्या इमारती एकाच नजरेत दिसतात. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी त्लातेलोल्कोचा बाजार अझ्टेक जगातला सर्वांत मोठा होता. १३ ऑगस्ट १५२१ रोजी इथेच शेवटचा अझ्टेक सम्राट क्वाउहतेमोक पकडला गेला आणि अझ्टेक राजधानी पडली.

२ ऑक्टोबर १९६८ रोजी याच चौकात विद्यार्थ्यांची सभा भरली होती. ऑलिम्पिक स्पर्धा दहा दिवसांवर आल्या होत्या आणि सरकारला आंदोलन संपवायचे होते. चिवावा नावाच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्या सज्जातून भाषणे चालू असताना सैन्याने चौक वेढला आणि गोळीबार सुरू झाला. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. लेखिका एलेना पोनियातोव्स्का यांनी १९७१ साली प्रत्यक्षदर्शींच्या जबान्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले, ते त्या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज ठरले. पळणाऱ्या मुलांना रहिवाशांनी आपल्या फ्लॅटमध्ये लपवले. त्या रात्री त्लातेलोल्कोत दार उघडणे हे जिवावरचे काम होते.

त्या दिवसावर होर्खे फोन्स यांनी ‘रोखो आमानेसेर’ हा चित्रपट केला. चित्रीकरण गाजावाजा न करता उरकावे लागले, सेन्सॉरशी झगडावे लागले, आणि १९९० साली तो प्रदर्शित झाला. तोही जवळजवळ संपूर्ण एका फ्लॅटमध्ये घडतो, चिवावा इमारतीतल्या. वीज जाते, फोन मुका होतो, मुलगे जखमी मित्रांना घेऊन घरी येतात, आणि कुटुंब त्यांना आसरा देते. पहाटे दार वाजते ते मारेकऱ्यांचे. त्यालाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आरिएल मिळाला.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. एकच वसाहत, एकच बंदिस्त फ्लॅट, जाणारी वीज, वाजणारे दार आणि आत घेतलेली बाहेरची माणसे. फोन्स यांच्या चित्रपटात दार उघडण्याची किंमत प्राणाने मोजावी लागते. चौदा वर्षांनी आलेल्या आइम्बके यांच्या चित्रपटात तेच दार केकसाठी आणि पिझ्झासाठी उघडते. गोळीबार आणि आइम्बके यांचा चित्रपट यांच्या मधल्या काळात १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंपही झाला होता. नुएवो लेओन इमारतीच्या तीनपैकी दोन भाग कोसळून शेकडो माणसे गेली. गायक प्लासिदो दोमिंगो यांचे नातलग त्यात होते, आणि ते स्वतः ढिगाऱ्यावर मदतीला राबले. नंतर आणखी इमारती पाडाव्या लागल्या, काहींचे वरचे मजले उतरवले गेले. सरकारी मदत पोचण्याआधी सामान्य नागरिक हातांनी माती उपसत होते. त्यातूनच ‘तोपोस’, म्हणजे चिचुंद्र्यांसारखे ढिगाऱ्यात शिरणारे, हे स्वयंसेवी बचावपथक जन्मले. पुढे ते हैतीत आणि तुर्कीतही भूकंपग्रस्तांच्या मदतीला गेले.

आइम्बके यातल्या कशाचाही उल्लेख करत नाहीत. चौकाचे स्मारक नाही, जुन्या बातमीची फिल्म नाही, कोणी आजोबा आठवणी सांगत नाहीत. सुरुवातीला वसाहतीची काही निश्चल दृश्ये येतात आणि कॅमेरा फ्लॅटमध्ये शिरतो. काही जणांना हे विस्मरण वाटेल. मला तसे वाटत नाही. जिथे हजारो कुटुंबे राहतात ती जागा कायमची स्मारक होऊन राहू शकत नाही. तिथे मुले वाढतात, कंटाळतात, मोठी होतात, त्यांचे आईवडील वेगळे होतात, कोणाचा तरी वाढदिवस विसरला जातो. या गोष्टींनाही त्लातेलोल्कोचा इतिहास म्हणायला हवे. २००४ च्या मेक्सिकन प्रेक्षकाला इमारती ओळखीच्या होत्या, त्यामागचे सारे माहीत होते. म्हणूनच त्या भिंतींच्या आत चाललेला हशा त्याच्या मनाला अधिक भिडला असणार.

बदके तशी का उडतात

भिंतीवरच्या चित्रातली उडणारी बदके उलिसेसला खिळवून ठेवतात. बदके इंग्रजी व्ही या अक्षरासारख्या रांगेत का उडतात, ते तो मुलांना समजावून सांगतो: पुढचा पक्षी वारा फोडतो, मागच्यांचे कष्ट कमी होतात, थकला की तो मागे येतो आणि दुसरा पुढे होतो.

हे शास्त्राला धरून आहे. पक्षी पंख खाली मारतो तेव्हा पंखांच्या टोकांपाशी हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि टोकाच्या बाहेरच्या बाजूला ती वर उचलली जाते. मागचा पक्षी थोडा बाजूला राहून नेमक्या त्या वर जाणाऱ्या हवेत उडाला, तर त्याला आयता आधार मिळतो. संशोधकांनी ऑस्ट्रियातून इटलीच्या दिशेने उडणाऱ्या आयबिस पक्ष्यांच्या पाठीवर नोंदयंत्रे बसवली. पक्षी योग्य जागा तर धरतातच, पण पंख मारण्याची लयही पुढच्याशी जुळवून घेतात, हे त्यातून २०१४ साली दिसले. २०१५ साली त्याच गटाच्या नोंदींवरून आणखी एक गोष्ट पुढे आली: जोडीतले पक्षी पुढे राहण्याची पाळी वाटून घेतात, आणि दोघांनी पुढे काढलेला वेळ जवळजवळ सारखा भरतो. पुढे राहणे कष्टाचे, मागे राहणे फायद्याचे, तरी कोणी कायमचा मागे राहत नाही.

फ्लॅटमधल्या चौघांनाही हेच लागू पडते. पेल्यातला कोला मापून ओतणारी मुले दिवस संपेपर्यंत वेगळ्या प्रकारची समान वाटणी शिकतात. सकाळी केक रिताची गरज होती, संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांची झाली. उलिसेस वसुलीसाठी थांबला होता, आणि त्याला ऐकून घेणारी माणसे मिळाली. प्रत्येकाने थोडा वेळ दुसऱ्याचा वारा झेलला. संगीतातही बदक आहे: ब्राझीलच्या एका प्रसिद्ध बोसा नोव्हा गाण्याचे स्पॅनिश रूप नातालिया लाफुर्काद यांनी या चित्रपटासाठी गायले आहे.

पुढचा प्रवास

२००४ साली हा चित्रपट ग्वादलाहारा महोत्सवात गौरवला गेला आणि कान महोत्सवाच्या ‘समीक्षक सप्ताहा’त दाखवला गेला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या एएफआय महोत्सवात त्याला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांनी आपले नाव त्याच्या पाठीशी उभे केले आणि २००६ साली तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. डॅनी पेरेआ (रिता) आणि एन्रिके आर्रेओला (उलिसेस) यांना आरिएल मिळाले. दानिएल मिरांदा आणि दिएगो कातान्यो या दोन मुलांचा अभिनय इतका सहज आहे की कॅमेरा तिथे होता हेच विसरायला होते. आइम्बके यांनी पुढेही तीच वाट चालू ठेवली. ‘लेक ताहो’ला २००८ साली बर्लिनमध्ये आल्फ्रेड बाउअर पुरस्कार मिळाला, तर ‘क्लब सँडविच’साठी २०१३ साली सान सेबास्तियानमध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला. दोन्हींत पुन्हा किशोरवयीन मुले, थोडी पात्रे आणि न हलणारा कॅमेरा.

जगातली शहरे उंच होत चालली आहेत, आणि कोट्यवधी माणसे अशा घरांत राहतात जिथे भिंतीपलीकडच्या माणसाचे नावही ठाऊक नसते. या स्थितीवर तक्रारीचे चित्रपट पुष्कळ झाले. ‘तेम्पोरादा दे पातोस’ तक्रार करत नाही. काँक्रीटच्या इमारतीतही शेजार शक्य आहे. त्यासाठी सण, संकट किंवा मोठे ध्येय लागत नाही, रिकामा वेळ आणि उघडलेले दार पुरते, असे तो हसतहसत दाखवतो. ज्या त्लातेलोल्कोच्या रहिवाशांनी गोळीबारात मुले लपवली आणि भूकंपात ढिगारे उपसले, त्यांच्यात माणुसकी होती हे जगाला माहीत होते. ती साध्या रविवारीही असते, हे आइम्बके यांनी दाखवले, आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या आयुष्यात रविवार संकटांपेक्षा कितीतरी जास्त येतात.